चढत्या तापाचे गार पाय

ताप हा रोग नव्हे, तो शरीराचा बचाव आहे, हे वाक्य मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते दोन गोधड्यांखाली कण्हत पडलेले असताना ऐकवले होते. मेंदू शरीराचे तापमान हेतुपुरस्सर वाढवतो. त्या उष्णतेत संरक्षक पेशी अधिक चपळ होतात, अनेक जंतूंची वाढ मंदावते. सबब साध्या तापाला लगेच गोळी नको. कोल्हापूरच्या वेशीवरच्या आमच्या घरी आबांनी म्हशी राखण्यात आयुष्य काढलेले. शिकलेली लेक सांगते म्हणजे खरेच असणार, या विश्वासाने त्यांनी दीड दिवस गोळीला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी तोच ताप माझ्याकडे आला. सकाळी नऊला. अकरा वाजता रोगप्रतिकारशास्त्रातील संशोधनाच्या जागेसाठी माझी ऑनलाइन मुलाखत होती; दोन वर्षे मी तिच्यासाठीच अभ्यास केला होता आणि आता माझे दात वाजत होते.

"आबा, गोळी द्या."

"का गं? परवा तर ताप लई कामाचा हुता. आज बिनकामाचा झाला व्हय?"

"चेष्टा नको. मुलाखत हाय माझी."

"आन् मला धारा काढायच्या हुत्या, ती काय चेष्टा हुती?"

बोलता बोलता त्यांनी गोळी आणि कोमट पाणी पुढे केलेच होते. मग म्हशीच्या कानाच्या बुडाशी हात लावून पाहतात, तसा माझ्या पायाला हात लावला. "गार हाय. अजून चढतोय. पाय गरम झालं की उतरंल बघ."

निदान अचूक होते. ताप चढताना शरीर उष्णता राखण्यासाठी त्वचेकडचे रक्त आवरते, म्हणून हातपाय गार पडतात. हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले होते. आबांच्या पायाला मात्र एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

अकरा वाजता मी लॅपटॉपसमोर ताठ बसले. टेबलाखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे, आबा फरशीवर बसून माझे तळवे चोळत होते. "बोल तू. मी न्हायच असं समज."

पहिली दोन उत्तरे अडखळली. तिसऱ्याच्या मध्यावर कपाळावर घाम फुटला. परीक्षक बाईंनी इंग्रजी सोडून मराठीत विचारले, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"ताप होता, मॅडम. आता उतरतोय."

"कशावरून?"

मी तोंड उघडण्याआधी टेबलाखालून उत्तर गेले, "पाय गरम झाल्यात की!"

पलीकडचे तिघेही परीक्षक हसले. बाई म्हणाल्या, "आता यामागचं कारण तुम्ही सांगा." मी सांगितले, पायापासून मेंदूपर्यंत, कुठेही न अडखळता.

कॉल संपल्यावर खाली वाकले आणि आबांच्या पायाला हात लावला.

"पाया काय पडतीयास? निकाल तरी लागू दे की आधी."

"पाया पडत न्हाय, आबा. ताप बघते."

ताप नव्हता. निकाल पंधरवड्याने लागला; तेव्हा मात्र मी खरोखर पाया पडले.