पहिली मूठ कुणाची

सकाळच्या एसटीनं परंडा सोडलं, तेव्हा पिशवीत दोन छिन्न्या, हातोडी आणि सून शालननं बांधून दिलेली भाकरी होती. शाळा मी दोनच यत्ता शिकलो. पण दगडाला टाकी लावावी (गुळगुळीत झालेलं जातं, उखळ ठोकून पुन्हा खरखरीत करावं) ती मीच. नळदुर्गात एकट्या बायांच्या केंद्रात उखळातून शेंगदाणे निसटतात, टाकीवाला मिळत नाही, हे शालननं ऐकून आणलं. म्हणलं, जातो, आणि पैसा घेणार नाही. महादेवाच्या नावानं करायचं.

धाराशिवला गाडी बदलली. तुळजापूरच्या पुढं डोळा लागला आणि नळदुर्ग मागं पडलं. कंडक्टरनं हायवेवर एका ढाब्यापाशी उतरवलं. मालकानं चहा दिला, कुठं निघालात विचारलं. मी बायांच्या केंद्राचं सांगितलं.

"म्हंजे चटणीवाल्या महादेवीकडं? सांगा तिला, उद्या दुपारपर्यंत शेंगाचटणी आली तर कायमची मागणी तिची. न्हायतर मी सोलापूरहून आणतो."

उन्हात किल्ल्याची तटबंदी बघत मागं चालत आलो. असला दगड घडवणाऱ्यांना मनातून रामराम केला.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. सुनंदाताई ते चालवतात. महादेवी तिशीतली, दोन पोरींची आई.

"बर्री अज्जा (या आजोबा)," म्हणाली. ताट वाढलं. कडक भाकरी आमटीत चुरली, पण माझ्या दातांना ती दाद देईना.

"दगड फोडता न् भाकरी फुटंना व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसलो.

ढाबेवाल्याचा निरोप तिला सांगितला. चटणीची ही मागणी कायम झाली तर पोरी शाळेत राहणार, न्हायतर भावाच्या दारात जायचं होतं. मी संध्याकाळपर्यंत टाकी लावली, कोंडा कुटून दगडाची सुटी कच काढली, आणि म्हणालो, "आता सवाष्ण बोलवा. हळदकुंकू लावून पहिली मूठ तिनं टाकायची. त्याशिवाय मी दगड हातचा सोडत न्हाय." वडलांनी घालून दिलेली रीत होती ती.

सुनंदाताई म्हणाल्या, "आजोबा, आमच्यात सवाष्ण कुठली?"

"गल्लीतनं आणा."

"ज्या बाया आमाला ओटी भरायला बोलवत न्हाईत," महादेवी म्हणाली, "त्यांच्या दारात मी जाऊ? माझा नवरा जिता हाय अज्जा, कलबुर्गीला दुसरीसंगं नांदतोय. मग मी सवाष्ण का न्हाय, सांगा."

"कुंकू का लावत न्हाईस?"

"लावलं तर गल्ली हसती. न्हाय लावलं तर तुमी आडता."

तरी मी हट्ट सोडला नाही. महादेवाच्या देवळात जाऊन बसलो. माझ्यासारख्याच कुणीतरी घडवलेली पिंड. तिच्यावर पाणी घालायला एक म्हातारी विधवा आली. देवानं तिचं पाणी निमूट घेतलं.

रात्री देवळाच्या ओवरीतच झोपलो. सकाळी केंद्रावर आलो तर शेंगदाणे भाजून, लसूण सोलून तयार, आणि उखळ कोरडं. मला वाटलं होतं, एव्हाना चटणी कुटून झाली असेल.

"का थांबलीस? दुपार जवळ आली."

"तुमी फुकट राबलात. तुमचा शब्द मोडून कशी कुटू?"

आख्ख्या आयुष्यात माझा एवढा मान कुणी राखला नव्हता. मी हळदकुंकू मागितलं आणि करंडा तिच्याच हातात दिला. मी म्हणालो, "रीत चुकली तर महादेव मला विचारील, तुला न्हाय."

उखळाला हळदकुंकवाची बोटं लागली. पहिली मूठ पडली. एक दाणा निसटला नाही. चार बाया आळीपाळीनं कुटत होत्या आणि दगडातून तेल सुटत होतं. बारा वाजायच्या आत महादेवी डबा घेऊन ढाब्यावर गेली. परत आली ती दुसऱ्या दिवसाची मागणी घेऊनच.

पाया पडायला वाकली, तिला थांबवलं. दोन पोरी पाठीशी घेऊन भल्या पहाटे कामाला लागणाऱ्या बाईनं माझ्या पाया का पडावं? देवावरचा माझा विश्वास घटला नाही, वाढलाच. फक्त देव कुठं बसतो, ते नीट कळलं.

घरी पोचलो. माझा लेक, शालनचा नवरा, वारून सहा वर्षं झाली. तेव्हापासून पाट्याला टाकी लावली की शेजारची सवाष्ण बोलवायचो आणि शालन दारामागं उभी राहायची. तिला तिथं थांबायला सांगणारा मीच.

दुसऱ्या दिवशी पाटा काढला, टाकी लावली, धुतला.

"मामंजी, शेजारच्या काकूंना हाक मारू?"

"नको," म्हणलं, आणि हळदकुंकवाचा करंडा तिच्यापुढं सरकवला.

पदर खोचून ती पाट्यापाशी बसली आणि तिनं करंडा उघडला.