ओव्हरटाइम सांगून धरणावर गेले

मैत्रिणींनो, आज मी घरी खोटं बोलले. चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइम आहे असं नवऱ्याला सांगितलं आणि राजगुरुनगरच्या पुढे धरणाच्या काठावर एकटीच जाऊन बसले.

लग्नाला अकरा वर्षं झाली. फिरणं होतं, नाही असं नाही, पण सोबत सगळं घर आणि हातात सगळ्यांच्या डब्यांची पिशवी. नुसतं पाणी बघत बसायचं राहूनच गेलं होतं.

शेळ्या घेऊन एक आजी आल्या. "येकटीच हायेस व्हय? कुनाची वाट बघतीस?"

"कुणाचीच नाही आजी. नुसती बसलेय."

त्या शेजारी टेकल्या. "लगीन झाल्यापास्नं हितंच हाय मी. धुनं धुतलं, शेरडं पाजली. नुसतं बसाया कदी आले न्हाई बघ."

मग बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या बसलो. पाण्यावर वाऱ्याच्या रेघा उठत होत्या. शेळ्या लांब गेल्या, तरी आजी उठल्या नाहीत.

त्या गेल्यावर मला राहवेना. नवऱ्याला फोन लावला. "ओव्हरटाइम नाहीये. मी धरणावर आहे. एकटी."

तो म्हणाला, "अगं, मग तसं सांगायचं ना."

आता रावेतला घरी कुकर लावून हे लिहितेय आणि जीव अजून त्या काठावरच आहे. 'नुसतं बसायला जातेय' म्हणण्यापेक्षा 'ओव्हरटाइम आहे' म्हणणं मला सोपं का वाटलं असेल? तुम्हालाही तसंच वाटतं का?