मागे राहिलेली खिडकी

धरणासाठी गाव उठलं तेव्हा लोकांनी घरं सोडली, पण लाकूड सोडलं नाही. वासे, दारं, चौकटी, कौलं, सगळं उतरवून टेम्पोत घातलं आणि नव्या जागी नेलं. आमच्या घराचंही तसंच झालं. फक्त मधल्या खोलीची खिडकी आईनं काढू दिली नाही. चांगली सागवानी होती. चुलते वैतागले, शेजारणी हसल्या. "ती हितंच ऱ्हाऊ द्या," एवढंच आई म्हणाली. मग छप्पर उतरवलेल्या त्या घरात एकटी गेली, खिडकी लावली, कडी घातली आणि येऊन टेम्पोत बसली. पुढं गुंजवणी नदीचं पाणी चढत गेलं आणि घर त्याच्या खाली गेलं.

कारण मला ठाऊक होतं. त्या खोलीत माझा तान्हा भाऊ गेला होता. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. तो बारशाच्या आधीच गेला, त्यामुळे त्याला नाव नाही. घरात कधी विषय निघालाच तर नुसतं 'तो' म्हणतात. ऐन पावसात आई बाळंत झाली होती. खाटेखाली शेगडी, वर ओव्याची आणि शेपाची धुरी, खिडकीला बाहेरून गोणपाट. बाहेरच्या खोलीत झोपायचे तरी माझे डोळे चुरचुरायचे. एका दुपारी आईचा जीव घाबरा झाला आणि तिनं खिडकी उघडली. आजी ओरडत आली तशी आईनं ती पुन्हा लावून घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला.

वारं लागलं, असं आजी म्हणाली. गावानंही तेच धरलं. आई त्यावर कधी काही बोलली नाही, पण तेव्हापासून ती खिडक्या लावत आली आहे. एसटीत बसली की आधी काच ओढते. माझ्या पुण्याच्या फ्लॅटवर आली की ऐन मे महिन्यात पंखा बंद करते आणि मी घाम पुसत तिच्याशी भांडते. हरते अर्थात मीच.

मी इंजिनियर झाले. कमी विजेवर चालणाऱ्या इमारतींच्या मी मागे लागले ते पर्यावरणाच्या कळवळ्यानं, असं लोकांना वाटतं. कळवळा आहेच. पण खरं सांगायचं तर मी कुठंही कागदावर खोली काढायला घेतली की मला ती धुरानं भरलेलीच दिसते, आणि कोपऱ्यात खाट दिसते. हे मी कुठल्या मीटिंगमध्ये सांगणार?

वेल्ह्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्राची नवी सरकारी इमारत माझ्याकडे आली तेव्हा मी हट्टालाच पेटले. एका साहेबांना दर्शनी भाग काचेचा हवा होता. म्हणाले, "मॅडम, जरा मॉडर्न दिसू द्या." म्हटलं, साहेब, काचेत माणसं उकडतील, मग तुम्ही एसी लावाल. पावसाळ्यात इकडं दिवसचे दिवस लाईट नसते, तेव्हा त्या एसीची पूजा करायची का? साहेब रुसले, पण काच गेली. मग आत पोकळी ठेवून रचलेल्या विटांच्या भिंती झाल्या, खोल छज्जे झाले, गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसले आणि त्यावर सोलर. दिवसा दिवा लावावा लागू नये असा उजेड आत आणला. सगळ्यात जास्त जीव ओतला तो बाळंतिणींच्या खोलीवर. खालच्या जाळीतून ताजी हवा हळूच आत यायची, छताखालच्या झरोक्यांतून कोंदट हवा बाहेर जायची, आणि खाटेवर झोत म्हणून यायचा नाही.

केंद्र सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत तिथल्या सिस्टरचा फोन आला. "मॅडम, बायांनी तुमच्या झरोक्यांत चिंध्या कोंबल्यात. काढल्या की परत कोंबतात. सासवा स्टुलावर चढतात. एखादी पडली तर मलाच बघायला लागंल."

माझं डोकंच फिरलं. निघाले तशी आईकडे गेले. लेकीनं बांधलेला दवाखाना बघायचा म्हणून ती कधीची मागे लागली होती, तिलाही गाडीत घेतलं. बाळंतिणींची खोली त्या दिवशी रिकामी होती. झरोक्यांत जुन्या लुगड्यांचे बोळे होते. आईनं वर बघितलं आणि म्हणाली, "बरं केलं बायांनी."

इतकी वर्षं मी जे गिळलं होतं ते सगळं वर आलं. सिस्टरकडून उदबत्ती मागितली आणि खाटेशेजारी पेटवून धरली. धूर वर गेला आणि छताखाली तसाच साचून राहिला. मग मी स्टुलावर चढून बोळे ओढून काढले. धूर हलला, वळला आणि एकेका झरोक्यातून बाहेर निघून गेला. आई तोंड वर करून बघत होती.

"बघितलंस?" मी म्हणाले. "वाऱ्यानं काही होत नाही, आई. पोर गुदमरतं ते धुरानं. तू त्या दिवशी खिडकी उघडलीस ते बरोबरच केलं होतंस. तुझी काही चूक नव्हती."

हे वाक्य तिला ऐकवायचं म्हणून मी एवढी शिकले, असंही म्हणता येईल. आता ती रडेल, मोकळी होईल, अशी मी वाट बघत उभी राहिले. तिनं खाटेचा गज धरला.

"म्हंजी वाऱ्यानं न्हाई गेला?"

"नाही."

"उघडी ऱ्हायली असती तर जगला असता?"

मी उदबत्ती विझवली.

"मग म्या लावली कशाला?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

सिस्टर आता येणाऱ्या प्रत्येक सासूला उदबत्ती लावून दाखवते. झरोके मोकळे आहेत, वीजबिलही कमी येतं, माझं कौतुक झालं. आणि आई आता घराची एकही खिडकी लावत नाही. गेल्या पावसाळ्यात घरभर पाणी झालं, अंथरुणाला बुरशी आली. मी जाऊन खिडक्या लावायचे आणि ती मागून येऊन उघडायची. आजीनं घातलं होतं ते ओझं तिनं निदान इतकी वर्षं निभावलं होतं. हे नवं मी घातलं, तेही उदबत्ती लावून, पुराव्यासकट. मला माझ्या शहाणपणाची भीती वाटते.

परवा तिनंच फोन केला. "धरणाचं पाणी लई उतरलंय म्हनत्यात. मला तिकडं नेशील?"

"कशाला, आई?"

"ती खिडकी म्या लावून आलीया. उघडून येते."

मातीची भिंत पाण्यात किती टिकते ते मला ठाऊक आहे. तिथं आता भिंत नाही, चौकट नाही, नुसता गाळ असेल. सगळं नीट समजावून सांगता आलं असतं.

"नेते," मी म्हणाले.