वळणावरची घंटा

वस्तीमागून तळ्याकडे जाणारी ती वाट तिघांची होती: चालणाऱ्यांची, सायकलवाल्यांची आणि घोडेस्वारांची. तिघं एका वाटेवर म्हणजे भांडणाला आमंत्रणच! पण तिथल्या राखणदारासमोर भांडायची कुणाची बिशाद नव्हती. त्यांना सगळे दंताळेकाका म्हणत. आडनाव वेगळंच, पण खांद्यावर सदा दंताळं, म्हणून तेच चिकटलं. "सायकलनं माणसाला वाट द्यायची आणि दोघांनी घोड्याला. याला काय डोकं लागतं?" असं ते ठणकावत.

संध्याकाळी फाटक लावलं की घोड्यांची वाळूची पट्टी ते दंताळ्यानं सारखी करत. मध्ये एक आंधळं वळण होतं. तिथल्या खांबावरची पितळी घंटा वाजवल्याशिवाय सायकल पुढे न्यायची नाही, असा दंडक.

तीन वर्षांपूर्वी त्याच वळणावर एका सायकलला घोडा बुजला आणि घोड्यावरची मुलगी पडून जागीच गेली. एकोणीस वर्षांची पोर. सायकलवरच्या शिक्षिका कळवळून सांगत राहिल्या, "घंटा नव्हती हो तिथे!" चौकशीला आलेल्यांना घंटा दिसली, लख्ख, जागच्या जागी. दोष बाईंच्या माथी बसला. काकांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

कसला जातोय! तेव्हापासून सकाळी फाटक उघडावं तर सारख्या केलेल्या वाळूत टापा उमटलेल्या. थेट वळणापर्यंत, आणि तिथेच संपलेल्या. परतीची एकही नाही. काकांनी कुलूप बदललं, काही फरक पडला नाही. बायको म्हणाली, "कुत्री फिरत असतील." कुत्र्यांना नाल कधीपासून ठोकायला लागले, हे त्यांनी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

बाईंनी सायकल सोडली होती. त्या रोज चालत येत, घंटा वाजवत आणि नुसत्या उभ्या राहत. तोवर काका तोंड चुकवून झाडाआड थांबत. एका सकाळी मात्र बाईंनीच हाक मारली.

"काका, इतक्या लवकर घोडा कुणाचा आला होता?"

काकांची पाचावर धारण बसली. आजवर त्यांना वाटायचं, टापा आपल्यालाच दिसतात. ते मटकन खाली बसले.

"बाई, त्या दिवशी घंटा नव्हती. कडी कुरकुरायची म्हणून मी उतरवून खोलीत नेली होती, तेल घालायला. किंकाळी ऐकून धावत आलो. आधी घंटा टांगली. मग त्या पोरीकडे पाहिलं."

बाईंनी घंटेच्या कडीवरून बोट फिरवलं.

"तीन वर्षं मी स्वतःला पढवलं," त्या म्हणाल्या, "की घंटा होती, मीच वाजवली नाही. आता तर मला ती तशी आठवतेसुद्धा."

काकांना रडू आवरेना.

"उठा. हे तिच्या आईला सांगायचंय. मी तिला घेऊन येते."

काका उठले, आणि सवयीनं दंताळं वाळूत टाकून टापा पुसायला वाकले. बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आईला बघू दे."