गौताळ्यात घोषणा नको
आमच्या घरात मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवरून. वडिलांनी पहिली पत्रकं निजामाविरुद्ध काढली. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पण पत्रकं थांबली नाहीत. रस्ता, रेशन, शाळा, नळ. लिहायचे वडील, आणि मोठा झाल्यावर मीही. घड्या घालायची ती आईच.

एका श्रावणात आई म्हणाली, "मला गौताळ्याचा धबधबा बघायचाय. आणि त्या दिवशी घोषणा नको, भाषण नको. एक दिवस मागते, तोही हक्कानं."

"मंजूर," वडील म्हणाले.

कन्नडपर्यंत एसटी, पुढं जीप. अभयारण्याच्या नाक्यावर पहारेकऱ्यानं पिशव्या तपासल्या. वडिलांच्या पिशवीत भाकरीखाली पत्रकांचा गठ्ठा निघाला.

"काका, हे आत नाय नेता येणार. कागद उडतात, जनावरं खातात."

"वाटायला नाहीत रे. सवयीनं आले बरोबर."

"सवयीनं? वानरांच्या नळाला पाणी येत नाय व्हय?" आई म्हणाली.

तिथंच थांबायला हवं होतं. पण वडिलांनी विचारलं, "जप्त करायचा अधिकार कोणत्या नियमानं?" आणि मलाही चेव आला. छापील कागद अडवणारं कुठलंही सरकार मला निजामाचंच वाटतं, आजही. आम्ही दोघं त्या बिचाऱ्यावर तुटून पडलो.

तो शांतपणे म्हणाला, "मावशी तर पुढं गेल्या."

मागं वळून पाहिलं. आई खरंच नव्हती. वडिलांनी गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला आणि झपाझप चालू लागले.

सागाच्या झाडीतून वाट ओढ्याकडं उतरत होती. समोरच्या कड्यावरून पाणी पडत होतं आणि आई कातळावर, ओढ्यात पाय सोडून बसली होती. वडील काही बोलणार तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं. पलीकडच्या उतारावर एक नीलगाय चरत होती. मागं तिचं पिल्लू.

"केवढी आहे गं," वडील कुजबुजले. भोंग्याशिवाय सभा गाजवणाऱ्या माणसाचा हा आवाज मी प्रथमच ऐकला.

"बसा. आणि आज पाणी मागू नका. समोर आहे."

आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. मिरचीचा ठेचा, कांदा. चरत चरत नीलगाय पिल्लासह झाडीत दिसेनाशी झाली. तरी वडील कुजबुजतच होते, आणि आई मजेत पुन्हा पुन्हा विचारत होती, "काय म्हणता? जरा मोठ्यानं बोला की."