कार्डासाठी चार बायका

"तो डबा आधी खाली ठेवा. केबिनमध्ये वास सुटलाय."

बँकेतले साहेब नाकाला रुमाल लावून बोलत होते. डब्यात चटणी होती, त्यांच्यासाठीच आणलेली. आमच्यात कुणाकडं काही काम घेऊन जायचं तर रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून. मी डबा फरशीवर ठेवला, चपलांशेजारी.

मग त्यांनी संगणकात बघितलं. "मावशी, तुम्ही बुडव्यांच्या यादीत आहात. कर्ज कसलं मागताय?"

हे मोठ्यानं. दार उघडं होतं. बाहेर बाकावर आमच्या गडमुडशिंगीची दोन माणसं बसली होती. त्यांनी ऐकलं आणि भिंतीकडं बघत राहिली.

"मागं कोण पुरुष माणूस आहे का बोलायला?"

म्हटलं, मालक वारले. मुलगा हाय, कागलला कारखान्यात जातो.

"मग त्याला पाठवा. तुमच्याशी काय बोलायचं?"

इथं मला राग आला असं लिहायला पाहिजे. पण नाही आला. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. हातापायाला मुंग्या येऊन गेल्यावर जसं होतं, तसं आतून झालं होतं. चिमटा काढला तरी कळलं नसतं.

आता मी बुडवी कशी झाले ते सांगते. माझं मिरची कांडपाचं यंत्र आहे, घराला लागून. उन्हाळ्याच्या हंगामात बायका भाजलेली मिरची, खोबरं, कांदा-लसूण घेऊन येतात, ओळीनं बसतात, शिंकतात, हसतात, सुनांच्या कागाळ्या करतात. चटणी कुटून झाली की जातात. यंत्र एकच, आणि ते पण म्हातारं. ओळ रस्त्यावर जाते. थांबायला कंटाळल्या की बायका दुसरीकडं जातात. म्हणून दुसरं यंत्र घ्यायचं होतं. कर्ज त्यासाठी.

मी स्वतः कधी कुणाचा रुपया बुडवला नाही. बुडवला भाच्यानं. त्यानं टेम्पो घेतला आणि जामीन मला केलं, घर माझ्या नावावर म्हणून. आमच्यात जामिनाची सही मागितली तर नाही म्हणत नाहीत. त्याचा साखरपुडा होता. पंगत उठली, मी हात धुऊन आले, तर पानसुपारीच्या तबकाशेजारी कागद. "मावशी, कर की हितं." केली. मला वाचता येत नव्हतं असं नाही. दुसरीतनं शाळा सुटली तरी पुड्या बांधायची रद्दी वाचत वाचत मी वाचायला शिकलेली बाई. पण भरल्या मांडवात पाहुण्यांसमोर कागद वाचत बसायचं म्हणजे भाच्याला चोर म्हटल्यासारखं. म्हणून वाचला नाही. आमच्यातली कुठलीच बाई वाचत नाही.

टेम्पोचा धंदा बसला, हप्ते थकले, भाचा पुण्याकडं गेला. हप्ते मी फेडले. सगळे. तरी नावाला लागलेला डाग तसाच राहिला.

त्या दिवशी साहेबांनी मला उठवता उठवता एक कार्ड दिलं. क्रेडिट कार्ड. "हे वापरा, वेळेवर भरा, वर्षभरात तुमचा सिबिल स्कोर वर येईल. मग कर्जाचं बघू." फी विचारली तर सांगितली. यंत्राच्या चार महिन्यांच्या लाइट बिलाएवढी, आणि दर वर्षाला. मी म्हटलं, एवढी? तर म्हणाले, "दंड समजा. तुमच्यासारख्यांना दुसरं कोण देणार?"

घेतलं. का घेतलं? नाही म्हणायला सुद्धा अंगात काहीतरी लागतं. ते नव्हतं.

वर्षभर लाइट बिल कार्डावर आणि कार्डाचं बिल वेळेआधी. सून मोबाइलवर स्कोर बघून सांगायची. "आत्ती, चढला." मी म्हणायची, बरं. आनंद नाही, दुःख नाही. मिरचीत आयुष्य काढलेल्या बाईच्या डोळ्यांना पुढं पुढं पाणी येत नाही, तसं.

वर्ष संपलं आणि फी परत लागायची वेळ आली. घरात त्यावरनं बोलणं झालं. सून हुशार आहे माझी. तिनं शोधून काढलं होतं की मुदत ठेव ठेवली तर त्याच बँकेत बिनफीचं कार्ड मिळतं. पण जुनं बंद करायचं म्हटलं की तिचा जीव वर.

"आत्ती, आत्ता बंद करू नगासा. कार्ड बंद केलं की स्कोर खाली येतोय. हंगाम तोंडावर आलाय. फी भरा की, यंत्र आलं की भरून काढंल ती."

"आणि पुढच्या साली?"

"पुढच्या सालचं पुढच्या साली. त्या साहेबाची बोलणी आपल्याला काय नवीन हाईत व्हय?"

तिचं खरं होतं. तिला यंत्र पाहिजे होतं, मला पण. मी कार्ड ठेवायचं ठरवूनच बँकेत गेले होते. फक्त विचारणार होते, फी कमी होईल का, नाहीतर बिनफीचं बदलून मिळेल का.

साहेब तेच. आज हसून बोलले, कारण स्कोर चढला होता. मी ठेवीवरच्या कार्डाचं विचारलं. "ह्ये आधी का सांगितलं न्हाईसा?"

"तुम्ही विचारलं नाही."

तेव्हाही मला काही वाटलं नाही. मान हलवली. मग ते पुढं सरकले, आवाज खाली आणला. "हे बघा मावशी, फीचं मी बघतो. तुमच्याकडं बायका ढिगानं येतात ना? चार बायका आणा कार्डासाठी. तुमची फी माफ. आणि कर्जाची फाईल याच आठवड्यात वर पाठवतो."

"त्यास्नी फी पडंल न्हवं?"

"ते त्या बघतील. तुम्ही फक्त म्हणायचं, मी घेतलंय, तुम्ही पण घ्या. तुमच्या शब्दावर येतील की."

येतील. हे त्यांना बरोबर कळलं होतं. शेवंता येईल, म्हशीच्या धारा काढून, पदर खोचून तशीच. यल्लव्वा येईल, तिला तर मराठी वाचता पण येत नाही. मी बोट ठेवीन तिथं सही करतील, अंगठा उठवतील. कागदाकडं बघणार नाहीत, माझ्या तोंडाकडं बघतील. विचारलं तर मला चोर म्हटल्यासारखं होईल, म्हणून विचारणार नाहीत.

भाच्याच्या जागी आता मला बसवत होते.

मुंग्या आलेला पाय जागा होताना दुखतो. तसं दुखलं. जरासंच.

"न्हाय जमायचं," मी म्हटलं.

"कर्ज नको का मग?"

"कार्ड बंद करायचा अर्ज कुठं द्यायचा त्येवढं सांगा."

"कळतंय का काय करताय? स्कोर पडेल. परत इथंच याल हात जोडत."

"पडू दे की. अर्ज घ्या."

आवाज मोठा झाला होता. बाहेर ऐकू गेला असणार. अर्ज लिहिला, माझ्या हातानं, वाकड्या अक्षरात. पोच मिळेपर्यंत उठले नाही. एसटीनं घरी आले. वाटलं होतं, काहीतरी जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही झालं नाही.

सून चार दिवस माझं ताट पुढं सरकवून आत निघून जायची. मग एकदाच म्हणाली, "आमचा इचार केला न्हाईसा." नव्हताच केला. स्कोर खाली आला. कर्ज नाही, यंत्र नाही. ठेवीवरचं बिनफीचं कार्ड दुसऱ्या बँकेतनं घेतलंय, त्यावर लाइट बिल भरते. परत पहिल्यापासनं.

यंदा हंगाम एकाच यंत्रावर. ओळ रस्त्यावर जाते, बायका ओरडतात, दोघी-तिघी दुसरीकडं गेल्या पण. जाऊ देत. राहिलेल्यांना मी मिरचीच्या नाकातोंडात जाणाऱ्या खाटात उभी राहून मोठ्यानं सांगते, कार्ड म्हणजे काय, फी किती, कुठल्या केबिनीत काय बोलतात. माझा शब्द घेऊन गावातली एकही बाई त्या दारात जाणार नाही. पुढच्या साली यंत्र नाही मिळालं तरी नाही. कधीच मिळालं नाही तरी नाही.