सकाळी सहाचं अपडेट

सकाळी सहाला कामावर कोण असतं, असा विचार करून मी आमच्या डेअरीच्या सगळ्या दूध संकलन केंद्रांच्या संगणकांचं अपडेट नेमकं सहाला लावलं. मी संगणक विभागाचा प्रमुख. आमचं ऑफिस दहाला उघडतं, म्हणजे जगही दहालाच उघडत असणार, अशी माझी समजूत.

सव्वासहाला बायकोच्या थोरल्या भावाचा फोन. तो रहिमतपूरकडच्या एका केंद्राचा सचिव.

"काय दाजी, उठलासा का?"

"उठतोच आहे."

"उठा सावकाश. हितं लोकं किटल्या घेऊन उभी हायती अन् यंत्र म्हणतंय, थांबा. आता म्हशींना काय सांगू?"

यंत्रावर दुधाची फॅट मोजता येईना म्हणून निम्मी माणसं समोरच्या खाजगी डेअरीत दूध घालून आली. दुपारी त्यानं निरोप दिला, "आमची कमिटी म्हणतीया, परत असं झालं तर केंद्रच तिकडं न्यायचं. पाव्हणेपणाचं मला सांगू नका."

मी डेअरीच्या मोठ्या साहेबांपुढं आमचं ऑपरेटिंग मॉडेल उलगडलं, म्हणजे कोणतं काम कुणाकडं याचा तक्ता. सल्लागाराकडून करून घेतलेला. चौकोन, बाण आणि बरोबर मध्यभागी माझा विभाग. साहेबांनी चष्मा चढवला. "यात दूध कुठनं येतं?"

मी बाणांवरून बोट फिरवलं, ते परत माझ्याच विभागावर येऊन थांबलं.

ते केंद्र जाऊ द्यायचं नाही, एवढं मात्र मी तिथंच ठरवलं. पुढचा आठवडा पहाटे त्या केंद्रावर उभा राहिलो. पहिल्या दिवशी एका आजींनी मला रांगेत मागं जायला सांगितलं.

परत येऊन माझ्या माणसांची कामं नव्यानं वाटून दिली. आधी कोणी सर्व्हर बघायचा, कोणी सॉफ्टवेअर, कोणी नेटवर्क. तक्रार आली की प्रत्येकाकडं सगळं ठीकच असायचं. आता दूध जसं जातं तशा तुकड्या केल्या. एक संकलनाची, एक शीतकरण आणि टँकरची, एक विक्रीची. प्रत्येक तुकडी त्या-त्या खात्यातच बसणार. आधी काय करायचं ते खातं ठरवणार, कसं करायचं ते आम्ही. आणि सचिवाच्या होकाराशिवाय केंद्राच्या संगणकाला हात लावायचा नाही. माझ्या केबिनबाहेरची टेबलं ओस पडली. जड गेलं, खोटं कशाला सांगू.

नव्या पद्धतीचं पहिलं अपडेट मेहुण्याच्याच केंद्रावर, त्यानं सांगितलेल्या वेळी केलं. दुपारी एकला, दोन धारांच्या मधे. संध्याकाळी यंत्रातून फॅट आणि दराची पहिली चिठ्ठी निघाली. त्यानं ती उजेडात धरून वाचली, आणखी चार जणांचं दूध घेतलं, मग म्हणाला, "कमिटीला सांगतो. दिवाळीपातूर ऱ्हातोय आमी."

सांगलीत घरी पोचल्या पोचल्या बायकोला म्हणालो, "राहिलं बरं का केंद्र."

"दादा दिवाळीपर्यंत म्हणाला ना? मग दिवाळीपर्यंतच," ती म्हणाली. "गणपतीच्या आधी परत जाऊन उभे राहा. आणि त्या आजींच्या मागंच."